सातव्या ओळीतली सूचना

“दाराला हात लावू नका, सर!” मी ओरडलो.

ऐकतात कुठले! बेळ्ळंदूरच्या एका टॉवरमध्ये लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत आम्ही तिघं. मी लिफ्ट कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर, ईश्वरी आमची इंटर्न, आणि नागपूरहून आयटीत आलेले एक रहिवासी. त्यांची छोटी चिऊ पाचव्या मजल्यावर पटकन बाहेर पळाली. दार मिटलं, लिफ्ट अर्धा मजला वर गेली आणि धक्का देऊन थांबली. खाली दाराबाहेर पोर रडत होती, “बाबा, बाबा!”

लोकांना वाटतं, अडकलेली लिफ्ट कोसळते. नाही हो. ती ब्रेकवर घट्ट उभी असते. जीव जातात ते दार ओढून उतरायला जाताना. लिफ्टच्या तळाखाली मोकळी जागा राहते, तिच्याखाली थेट तळघरापर्यंत शाफ्ट. आतलं दार ओढलं की मजल्यावरच्या दाराची कडी हाताला लागते. आम्ही तिला इंटरलॉक म्हणतो. ती सुटली की दार उघडं, आणि दाराशी चिऊ.

अलार्म वाजत होता, पण टेक्निशियन शेजारच्या टॉवरमध्ये होता.

भिंतीवर ईश्वरीचं सूचनांचं कार्ड होतं. आम्ही तेच लावायला आलो होतो. ती इंजिनिअरिंग करते, सोबत मायनर म्हणजे जोडविषय, बिझनेस अँड टेक्निकल रायटिंग. त्यातलं बिझनेस रायटिंग, पत्रं-ईमेल वगैरे, शिकून झालं होतं. सूचना कशा लिहायच्या ते पुढच्या सेमिस्टरला. म्हणून कार्डाची सुरुवात, ‘माननीय रहिवासी, आमच्यावर विश्वास ठेवल्याबद्दल आभार.’ ‘दार ओढू नका’ सातव्या ओळीत! चिऊच्या बाबांनी दोन ओळी वाचल्या, “आभार कसले मानता, बाप्पा!” म्हणाले आणि दाराच्या फटीत बोटं घातली.

“सर, स्वल्प थांबा! फोर्स केलं तर इंटरलॉक सुटेल.”

“काहून थांबू? पोरगी रडून राहिली माझी!”

आतलं दार सरकलं. मी त्यांचा दंड धरला, त्यांनी झटकला. हात कडीकडे गेला. तेवढ्यात ईश्वरी बोलली.

“काका, दार उघडलं की चिऊ तुमच्याकडे धावेल. लिफ्टखालच्या खड्ड्यात पडेल.”

हात जागच्या जागी थांबला. मग त्यांनीच ओरडून चिऊला लांब जिन्यावर बसायला लावलं. टेक्निशियन आला, त्यानं लिफ्ट हळूहळू खाली घेतली. बापलेक एकमेकांना बिलगले आणि मी तिथंच पायरीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी बॉसनं ईश्वरीचं नवं कार्ड पाहिलं. “तीनच ओळी? आभार कुठे गेले?”

“घाबरलेला माणूस चौथी वाचत नाही, सर. आभार बिलावर छापा,” ईश्वरी म्हणाली.

ईश्वरीच्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेच्या वेळी कंपनीकडून मी हजर होतो. प्राध्यापकांनी विचारलं, “तुझा वाचक कोण?”

ती म्हणाली, “ज्याचं मूल दाराबाहेर रडतंय, तो.”