रिकाम्या हंड्यावरचे हात

उमापूर सोडून तास झाला होता, तरी बायनाबाई मागं वळून पाहत नव्हत्या. एसटी आलीच नाही म्हणून दोघी वस्तीकडं पायी निघाल्या होत्या. पुढं डोक्यावर दळणाचं गाठोडं घेतलेल्या बायनाबाई, मागं शाळेच्या वत्सलाबाई. त्यांच्या पिशवीत मोबाईल होता.

बायनाबाईंनी विचारून आठ दिवस झाले होते. सोमवारी मालकाचं वर्षश्राद्ध, पाटावर ठेवायला फोटो नाही. शाळेच्या गाण्याच्या व्हिडिओत त्यांचं तोंड कुठं दिसतंय का, एवढंच त्यांना हवं होतं. बघते, असं वत्सलाबाई म्हणाल्या होत्या. त्यांनी सगळं बघितलंही होतं. आता ते सांगायचं होतं, आणि निम्मी वाट सरली तरी तोंड उघडत नव्हतं.

गाणं दुष्काळाच्या सालातलं. आठवीच्या पोरींनी पाण्यावर गाणं रचलं आणि स्पर्धेसाठी ते मोबाईलवर चित्रित करायचं ठरलं. वत्सलाबाईंनी असलं काम कधी केलेलं नव्हतं. त्यांनी फळ्यावर चौकोन आखले, एका चौकोनात एक शॉट. शाळेत ढोलकी नव्हती. बायनाबाईंचे मालक म्हाळू भजनात रिकाम्या हंड्यावर ठेका धरायचे, म्हणून त्यांना बोलावलं. ऊस तोडून तोडून चिरलेली ती बोटं पाहिली आणि वत्सलाबाईंनी चार चौकोनांत लिहिलं: फक्त हात.

शूटिंगच्या मध्येच टँकर आला. बायनाबाई धावत हंडा मागायला आल्या. म्हाळू देईनात, भरलेला हंडा वाजत नाही, पोरींचं काम अडेल, म्हणाले.

"मग आता वाजवूनच प्या," बायनाबाई म्हणाल्या आणि उरलेल्या दोन हंड्यांवर भागवायला माघारी गेल्या. त्या दिवशी घरात एक हंडा पाणी कमी आलं. पुढं त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

गाण्याचा तिसरा नंबर आला. त्या साली जवळच्या सहकारी कारखान्याचं गाळप झालं नाही, ऊसच नव्हता. दोघांची ऊसतोडीची टोळी लांब कोल्हापूरकडं गेली. तिथं ट्रॉली उलटली आणि म्हाळू गेले. बायनाबाई दहावं घालून परत फडात गेल्या. टोळीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात. त्या अर्धा कोयता म्हणून हंगाम संपेपर्यंत राबल्या आणि येताना दोन्ही कोयते घेऊन आल्या.

शिवेवरच्या मारुतीपाशी त्यांनी गाठोडं उतरवलं. वत्सलाबाईंनी हात जोडले, पायरीवर बसल्या आणि मोबाईल काढला. गाणं लावलं. बायनाबाई पदर सावरून बघत राहिल्या. हंडा वाजत होता, हात दिसत होते. गाणं संपलं.

"परत लावा."

परत लावलं. मग वत्सलाबाईंनी सांगून टाकलं. तोंड एकदा आलं होतं. ठेका धरता धरता ते मोबाईलकडं बघून हसले होते. पण मोबाईलमधली जागा भरली होती, आणि चौकोनात फक्त हात लिहिलेलं होतं. तो तुकडा त्यांनीच पोरींना पुसायला लावला होता.

बायनाबाईंनी मान वर केली.

"हसले व्हते?"

"हो."

"बरं."

मोबाईलवर हात थांबलेले होते. अर्ध्या नखाच्या अंगठ्यावर बायनाबाईंनी बोट ठेवलं. हे नख फडात उडालं तेव्हा आपणच चिंधी बांधली, असं त्यांनी सांगितलं. आवाज होता तसाच होता. मग गाठोड्याची गाठ आवळत त्या म्हणाल्या, "बाई, आधार कार्डावरचा माणूस मला वळखू येत न्हाई. तुमी ह्या हाताचाच फोटू मोठा करून आना. हार त्यालाच घालते. आन हंडा बी येऊ द्या त्यात."