मधले दोनशे ऐंशी किलोमीटर

देवाने सगळ्यांना दोन डोळे दिले. ब्रेककाकांना तिसरा, मागचं दाखवणारा आरसाच दिला असावा. बत्तीस वर्षं बस चालवली, पण कुणाला खरचटू दिलं नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कुणाच्या स्कूटरवर मागे बसले की उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो. नाव पडलं ते तिथूनच.

त्या दिवशी सकाळी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, शहरातून फोन आला. पित्ताशयाचं ऑपरेशन, दुपारी चारला. आणि आक्का हटून बसलेली, "धाकटा आल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही." आईमागे काकांना तिनेच वाढवलेलं. बसने जायचं तर बावीस तास. उरलं विमान, आणि विमानाचं नाव काढलं की काका विषयच बदलत.

"एक तास पस्तीस मिनिटं, बाबा," सूनबाई मोबाइलमध्ये बघत म्हणाली. "अंतर आठशे साठ किलोमीटर."

"अकराशे चाळीस!" काका कडाडले. "मी स्वतः चालवलंय. मधले दोनशे ऐंशी कुणी खाल्ले?"

सूनबाईने भिंतीवरच्या नकाशावर दोरा ताणून धरला. "विमान असं सरळ जातं."

"आणि घाट? वळणं काय रस्ता बांधणाऱ्यांनी हौस म्हणून घातलीत?"

"वर डोंगर नसतात, बाबा."

काकांनी देवाला हात जोडले, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ, आणि निघाले.

विमानात खिडकीची जागा मिळाली. ड्रायव्हरमागची मिळेल का, हे विचारून झालं होतं. विमान धावू लागलं तसा उजवा पाय पुढच्या सीटखाली जो रुतला, तो ढगांच्या वर गेल्यावरच सैल झाला. मग काकांनी खाली पाहिलं. ती नदी, तो लांबलचक पूल! तिथवर पोचायला बसला सात तास लागत. इथे अजून चहासुद्धा आला नव्हता. काकांना जरा अपमानच वाटला.

शहर दिसू लागलं, पण विमान उतरेना. एक घिरटी, दुसरी, तिसरी.

"खाली जागा रिकामी नाहीये, काका," हवाईसुंदरी म्हणाली.

"अहो ताई, मग थोडं अलीकडे थांबवा! मी जातो चालत."

शेजारचा माणूस खोकल्याचं निमित्त करून हसला. काकांचं सगळं लक्ष घड्याळाकडे.

पावणेचारला ते धापा टाकत आक्काच्या खोलीत शिरले. ती हिरव्या गाउनमध्ये पलंगावर मांडी ठोकून नर्सशी हुज्जत घालत होती.

"आलास? किती वेळ लागला?"

"दीड तास!" काका छाती फुगवून म्हणाले. "वर घिरट्या घातल्या त्या वेगळ्या."

"दीड तास?" आक्काने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "मग दर वर्षी 'आक्का, फार लांब पडतं गं' म्हणायचास, ते कुठलं गाव होतं रे?"

नर्स खुदकन हसली. काकांचे कान तापले. विमानं काही त्या सकाळपासून उडायला लागली नव्हती.

"चला गं, न्या आता मला," आक्का आडवी होत म्हणाली. "आणि हा दोन दिवसांत पळाला तर बघते."

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. सगळं नीट पार पडलं, परमेश्वराची कृपा. काकांनी लगेच सूनबाईला फोन लावला.

"माझं परतीचं तिकीट महिनाभर पुढे ढकल."

"अगंबाई! डॉक्टर काही म्हणाले का?"

"डॉक्टर नाही. आक्का म्हणाली."