आवाज न करणारा फिल्टर

दिवाळीच्या आधी मला एक साधा ताप आला. ताप गेला, पण जाताना उजव्या कानात एक आवाज ठेवून गेला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी बारीक सूं ऐकू येतं ना, तसा. फरक इतकाच, की ही शिट्टी कधी होत नाही आणि गॅस कुणाला बंद करता येत नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, नस दुखावली आहे म्हणाले, आणि शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "याची सवय होते." मी विचारलं, "तुम्हाला झाली आहे का?" ते हसले. मी काही हसले नाही, कारण कित्येक दिवस मला धड झोप लागलेली नव्हती.

झोप नसली की माणसाचं काय होतं ते मी तेव्हा शिकले. आमटीत दोनदा मीठ पडायचं. सोसायटीच्या वॉचमनवर मी उगाच खेकसले, मग जिन्यात उभी राहून रडले. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, 'शांत बसा' म्हणता म्हणता घसा बसला, आणि आता निवृत्त होऊन शांत बसायची वेळ आली तर कानातलं हे सूं जीव खायला उठलेलं. हे असंच कायम राहिलं तर आपलं डोकं ठिकाणावर राहणार नाही, अशी मला खरोखर भीती वाटत होती.

डॉक्टरांनी "मन रमवा" असंही सांगितलं होतं. ते आमच्या ह्यांनी मनावर घेतलं. विमा कार्यालयातून निवृत्त झालेला माणूस एखादी गोष्ट मनावर घेतो म्हणजे काय, ते विमा उतरवणाऱ्यांनाच ठाऊक. कर्वेनगरात आमच्या मागच्या गल्लीत कुणीतरी घर बदलत होतं, त्यांच्याकडून ह्यांनी माशांची पाच फुटी टाकी आणली. चार हमाल लागले. हॉलमध्ये दिवाणासमोर ती ठेवल्यावर टीव्हीला जागाच उरली नाही. म्हटलं, चला, एक तरी फायदा झाला.

गोल्डफिश आणायचे ठरले. दिसायला गोड, पण खातात आणि घाण करतात भरपूर, त्यामुळे फिल्टर दांडगा हवा. झालं. पुढचे कितीतरी दिवस आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर असतो, तो बुडबुड करतो. काठावर टांगायचा असतो, त्यातून पाणी सांडत राहतं. खाली कपाटात आणखी एक टाकी ठेवून त्यात पाणी सोडायचं आणि पंपाने परत वर चढवायचं, हीही एक पद्धत असते, तिला संप म्हणतात. आणि एक असतो बंद डब्याचा. डब्यात स्पंज आणि चिनी मातीचे खडे भरलेले, पाणी नळीने आत जातं आणि नळीनेच बाहेर येतं, कुणाला पत्ता लागत नाही.

ह्यांची अट एकच होती: आवाज नको. शनिवार पेठेतल्या एका दुकानात मी बरोबर होते. हे प्रत्येक यंत्र चालू करायला लावत आणि वाकून त्याला कान लावत. दुकानदार बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "अहो, फिल्टर घेताय की जावई बघताय?"

"आमच्या हिच्या कानाला त्रास आहे," हे म्हणाले. "आवाज अजिबात चालणार नाही."

"मग माशांचा फोटो लावा," दुकानदार म्हणाले, आणि तरी त्यांनी डब्याचा फिल्टर काढून दिला.

तो बसवताना ह्यांनी कपाटात खाली रबराची चटई घातली, नळ्यांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या. सगळं सुरू झाल्यावर मला दिवाणावर बसवून विचारलं, "काय ऐकू येतंय?"

"काही नाही," मी म्हटलं. ते खोटं होतं. एरवी रस्त्याचा, शेजारपाजारचा आवाज तरी असायचा. थंडी म्हणून ह्यांनी खिडक्याही लावून घेतल्या होत्या. समोर मुके मासे तोंड उघडत-मिटत होते आणि माझ्या कानात कुकर चढलेला होता. पण ह्यांचा चेहरा असा काही फुलला होता, की मी मूग गिळून बसले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस आपल्यासाठी खाली वाकून नळ्या गुंडाळतो, त्याला 'तुमचं चुकलं' म्हणायला माझी जीभ रेटेना. शिवाय चुकलंय काय, हे मला तरी कुठे कळलं होतं? फिल्टरच्या जोडीने ह्यांनी सकाळचा रेडिओ बंद केला, दारांना फोमचे तुकडे चिकटवले, आणि मिक्सर मी बाहेर गेले की लावायला सुरुवात केली. जितकं घर शांत होत गेलं, तितकी माझी झोप दूर पळत गेली.

मग संक्रांत आली. खालच्या मजल्यावर लोणी काळभोरहून आलेलं एक कुटुंब राहतं. मुलगा संगणकाच्या कंपनीत, आई त्याच्याकडे राहायला आलेली. त्या काकूंनी हळदीकुंकवाला बोलावलं होतं. जायचं जिवावर आलं होतं, पण संक्रांतीचं नाही म्हणता येत नाही. गेले. त्यांच्या हॉलमध्येही माशांची टाकी होती, आमच्यापेक्षा मोठी, आणि तिच्या खालच्या कपाटातून पाणी पडल्याचा धबधब आवाज येत होता. मी मनात म्हटलं, आमचे हे इथे आले तर ह्या लोकांना नोटीस देतील. टाकीजवळच्या सोफ्यावर टेकले. काकू म्हणाल्या, "बसा निवांत, तिळगूळ आनते."

त्यापुढचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. अंगावर शाल होती. मांडीवर वाणाचा स्टीलचा डबा होता, त्यावर तिळगुळाची पुडी. कपाळाला हात लावला तर बोटाला ओलं कुंकू लागलं. सोसायटीतल्या सगळ्या बायका येऊन गेल्या होत्या, आणि काकूंनी मला न उठवता हळदीकुंकू लावून माझी संक्रांत उरकली होती. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू स्वयंपाकघरातून आल्या.

"उठवायचं ना हो," मी म्हटलं.

"कशाला? बाई दमल्यात, दिसत हुतं की. सगळ्यास्नी म्हनलं, हळू बोला." मग टाकीकडे हात करून म्हणाल्या, "ह्या पान्यापुढं झोप लागतीच. रानात पाटाला पानी आल्यावानी वाटतंय. लेक ह्ये बदलनार हुता, मी म्हनलं, ऱ्हाऊ दे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी दोन क्षण श्वास रोखून ऐकलं. पाणी पडत होतं, आणि कानात सूं नव्हतं. म्हणजे असणारच, पण पाण्याखाली बुडालं होतं, शोधूनही सापडेना. मला इतकं भरून आलं, की मी त्या माउलीचे दोन्ही हात धरले. त्यांना काही समजलं नसावं. त्या म्हणाल्या, "आनखी एक लाडू घ्या."

मी जिना चढून घरी आले. हे पेपर वाचत बसले होते. मी सगळं सांगितलं: झोप, शाल, पाणी, आणि ही घरातली शांतता मला कशी खाते तेही. आधी का बोलले नाही, तेही सांगितलं. ह्यांनी पेपरची व्यवस्थित घडी केली.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "तुझ्या कानातला आवाज तुला नीट ऐकू यावा, म्हणून मी एवढी खटपट केली."

मला हसू फुटलं. मग तेही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यातलं हसण्याचं किती होतं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून हे खालच्या मजल्यावर पडीक. काकूंच्या मुलाने सुट्टीच्या दिवशी वर येऊन सगळं दाखवलं. आमच्या टाकीला भोक पाडायचं नव्हतं, म्हणून काठावरून पाणी ओढून घेणारी पेटी मागे लावली आणि कपाटात दुसरी टाकी बसवली. डब्यातले स्पंज आणि खडे न धुता तसेच त्यात ठेवले, कारण घाण खाणारे जीव त्यांच्यावरच वाढलेले असतात. मुलगा जेवून गेला. दुपारी हे कपाटापुढे गुडघे टेकून बसले, वरचं पाणी खाली सोडणाऱ्या नळीचं तोंड हातात धरून, आणि मला दिवाणावर डोळे मिटून पडायला सांगितलं.

नळी वर घेतली की पाणी उंचावरून पडायचं आणि आवाज वाढायचा; खाली घेतली की कमी व्हायचा. मी सांगत होते, हे नळी हलवत होते. "आणखी वर. नाही, आता फार झालं. किंचित खाली." बिचाऱ्यांची बाही कोपरापर्यंत भिजली असणार, गुडघे तर आधीच दुखरे. एका जागी आल्यावर माझं सूं विरघळलं. मी म्हटलं, "बास. आता हात लावू नका."

"नक्की?"

"नक्की. उठा आता, फरशी ओली आहे."

"तू झोप," हे म्हणाले. "बांधेपर्यंत नळी घसरायला नको. मी बसतो इथे."

मी झोपले. किती गाढ झोपले ते सांगता येणार नाही, पण आयुष्यात मिळालेल्या सगळ्या चांगल्या गोष्टींत मी ती झोप धरते. जागी झाले तेव्हा पाणी पडत होतं आणि हॉलमध्ये अंधार झाला होता. कपाटाशेजारी भिंतीला टेकून हे बसलेले दिसले. मी विचारलं, "अहो, दिवा का नाही लावलात?"

"बटणाचा आवाज झाला असता," ते म्हणाले.