देवराईचे म्हणून दिलेले नेचे

डोळखांबच्या वरच्या पाड्यावरचा वाळू तसा खोटं बोलणारा माणूस नव्हता. तरी सलग चार वर्षं तो एकच खोटं बोलला, आणि तेही एका भल्या माणसाशी.

१९३५च्या भादव्यात मुंबईच्या एका कॉलेजातले प्रोफेसर टिपणीस त्याच्या ओटीवर आले. नेच्यांच्या, म्हणजे फर्नच्या, मुळांत बुरशी वस्तीला असते, ती झाडाला मातीतलं सत्त्व पुरवते आणि झाड तिला पोसतं, असं त्यांनी सांगितलं. "म्हंजे घरजावईच की, साहेब!" वाळू म्हणाला. प्रोफेसर खो खो हसले आणि दोघांचं जमलं.

प्रोफेसरांना दमा, देवराईपर्यंतचा डोंगर चढवेना. म्हणून दर भादव्यात वाळूने देवराईतले दहा आणि भाताच्या बांधावरचे दहा नेचे मुळांसकट खणून वेगवेगळ्या डब्यांत द्यायचे, असं ठरलं. कुदळ न लागलेल्या मातीत ही सोबत जास्त दाट असते का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

आता देवराईतून वाळकी काटकीसुद्धा कुणी बाहेर आणत नाही. वाळूला हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण एवढा शिकलेला माणूस आपल्या बायकोच्या, जिवलीच्या हातची नाचणीची भाकरी वाखाणून खातोय, त्याला नाही कसं म्हणायचं? भिडेपोटी तो हो म्हणून बसला, आणि वीसच्या वीस नेचे बांधावरून खणले.

देवाचं राखलं, म्हणून पहिल्या वर्षी त्याला बरंच वाटलं. पुढे मात्र डबे देताना साहेबांकडे मान वर करून बघवेना. जिवली म्हणायची, "सांगून टाका ना. त्ये काय खातील तुमाला?" तो तिच्यावरच खेकसायचा.

१९३९ साली प्रोफेसर छापील पुस्तिका घेऊन आले. दोन्हीकडची बुरशी सारखीच, असा निष्कर्ष होता आणि आभारात वाळूचं नाव. त्यांनी त्यावर बोट ठेवून दाखवलं, तसा वाळूचा धीर सुटला.

"साहेब, देवराईतला येकबी नाय. सगले बांधावरचे. मी तुमाला फसवला."

प्रोफेसर बराच वेळ पानं चाळत राहिले. मग म्हणाले, "पहिल्याच दिवशी नाही म्हणाला असतास वाळू, तर मी देवराई सोडून दुसरं काही पाहिलं असतं."

काही महिन्यांनी त्यांनी निष्कर्ष मागे घेतल्याचा छापील कागद आला. शेणवे गावच्या शाळेतल्या मास्तरांनी तो वाळूला मराठीत करून सांगितला. नमुन्यांची खात्री केली नाही, ही चूक सर्वस्वी माझी, असं प्रोफेसरांनी लिहिलं होतं.

"माजा नाव आसंल, मास्तर. नीट बघा."

मास्तरांनी पुन्हा पाहिलं. नव्हतं.