मावसाजीच्या विमानाची गाडी

तामसीपासून बेल्लमपल्लीपर्यंत कोणालेही विचारा, चांगली चालती वस्तू खोलून तिची दुरुस्ती करणारा माणूस अख्ख्या मुलखात एकच, अन् तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याले आला. आमच्या मावसाजीचं तामसीत पाण्याच्या जळक्या मोटरीत नवी तार भरायचं दुकान हाये. मोटरी बिचाऱ्या जळलेल्याच येतात, म्हणून वाचतात. घरातल्या धडधाकट वस्तूंचं मात्र काही खरं नाई. मावशीचा मिक्सर एकदा त्यायले "थोडा सुस्त" वाटला. तेव्हापासून चटणी भांड्यात कमी अन् भिंतीवर जास्त मिळते. कूलरचा पंखा त्यायनं ज्वारी उफणायले नेला, अन् त्या उन्हाळ्यात आमी सारे पाहुणे हवा खायले खळ्यावर जाऊन बसलो. माझ्या बहिणीच्या साक्षगंधात नवरदेव फटफटीवर आला, तर मावसाजी कुंकू लावायचं सोडून इंजनले कान लावून बसले. मंग उठून, नाकातून बोलायची त्यायची सवय हाये तसं, बोलले, "पोरगं बरं हाये. टॅपेट वाजून राह्यले."

अशा माणसानं विमान बनवलं तर नवल काय? मोबाइलवर पाहून पाहून ॲल्युमिनियमच्या पाइपाचा सांगाडा जोडला, वरून कापड ताणलं, बसायले ऑटोची सीट, अन् पाठीमागं एका म्हाताऱ्या कारचं इंजन. पंख मागं मिटणारे, कारण विमान राहायचं कापसाच्या शेडात. "उडते का हो?" असं कोणी विचारलं की मावसाजी दुखावायचे. "लेकरू रांगायच्या आधी त्याले शर्यतीत धाडता का रे तुमी?"

मावशीनं मात्र निकाल देऊन टाकला. "दसऱ्याले कापूस घरात येईल. तवरी शेड मोकळं नाई झालं, तं भंगारवाल्याले बोलावीन मी. मंग बसा त्याच्याच गाड्यावर अन् उडा." मावशी जे बोलते ते करते. याआधी त्यायचं पायडल मारून पंख हलवायचं यंत्र असंच भंगारात, कांद्याच्या बदल्यात गेलं होतं.

मावसाजीचं तोंड उतरलं. विमान ठेवायले जागा एकच, माझ्या बाबाचा, म्हणजे त्यायच्या साडूचा, गावाबाहेरचा पडीक माळ. पण विमानाची चाकं इवलीशी, आपल्या रस्त्यावर अंगणापार गेली नसती. मंग विमानासाठी गाडी बनवायची ठरली. मोडक्या ऑटोचा एक्सल आला, लोखंडी पलंगाची चौकट आली (पलंग आमचा होता, आमाले मागून समजलं), अन् विमानाले दणके बसू नये म्हणून मावशीच्या गोधड्या गेल्या. पाहुणा आला की त्याच्या हाती वेल्डिंगचा काळा चष्मा. चहा नंतर.

गाडी झाली झकास. दसऱ्याच्या आदल्या दिवशी विमान वर चढवलं, पंख मिटवून बांधले, लिंबू-नारळ झालं, अन् गाडी दुकानाच्या माल-ऑटोले जोडली. तशी ऑटोची मागची चाकं हळूच जमीन सोडून वर! इंजन मागं, पंख मिटून मागं, सारं ओझं मागं. गाडी उलार झाली. कापसाच्या बैलगाडीत ओझं मागं पडलं की जू वर उठते, हे आमच्याकडं शाळेत न गेलेल्या पोराले बी ठाऊक असते.

"मावसाजी, विमान फिरवून ठेवा ना. तोंड मागं, इंजन पुढं."

"काऊन? वरातीत नवरदेवाले घोड्यावर उलटं बसवतेत का? गावातून निघालं तं तोंड पुढंच राहीन!"

मंग उपाय एकच, बैलगाडीचाच. गाडी ऑटोले जोडायची जी पुढची दांडी, तिच्यावर माणूस बसवायचा. मी बसलो. चाकं थोडी खाली आली अन् लोंबकळत राहिली. "तू काडी हायेस रे," मावसाजी बोलले, अन् त्यायची नजर वसरीकडं गेली. तिथं मावशी कापूस वेचायचे पोते झटकत होती. देवाच्या दयेनं मावशी वजनदार हाये. मावसाजीनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"अवं... तुह्याशिवाय हे जमिनीवर टेकत नाई."

मावशीनं पोतं खाली टाकलं. "माह्याच वैऱ्याची वरात, अन् मीच कलवरी?" पण उद्या कापसाले शेड मोकळं लागते, हे डोळ्यापुढं असावं. पदर खोचला, दांडीवर गोधडी टाकली, पाय रोवून बसली. चाकं धप्पकन टेकली.

अशी वरात निघाली. पुढं ऑटो, मधी मावशी, मागं विमान, अन् त्यामागं मी अन् गावातले सारे कुत्रे. फाट्यावर पोलिसानं हात केला. "इदेमिटी?" म्हणजे तेलुगूत, हे काय. मावसाजी अदबीनं, "विमानम, सार." पोलीस विमानाभोवती फिरला, मावशीभोवती फिरला, अन् डोक्यावरची टोपी काढून उलटी-सुलटी पाहिली. यातलं नेमकं काय थांबवावं हे त्याले सुचेना. मावशीनं डोळे वटारले, "जाऊ दे ना भाऊ, दांडी रुतून राह्यली!" त्यानं रस्ता मोकळा केला.

माळावर विमान उतरवलं. मावसाजीनं एक पंख उघडून खीळ घातली, मंग दुसरा. शेडात दोन्ही संगं कधीच उघडले नव्हते, तेवढी जागाच नव्हती. मावसाजी पाहत पाहत मागं मागं सरत गेले. मावशी पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली अन् परत आली.

"एवढं मोठं होतं काय हे?"

"मले बी आत्ताच दिसून राह्यलं," मावसाजी हळू बोलले.

इंजन काही त्या दिवशी चालू केलं नाई. वर ताडपत्री बांधली. परत निघालो तेव्हा गाडी रिकामी होती, पुढं कोणी बसायची गरज नव्हती. मावसाजीनं ऑटोतली सीट फडक्यानं पुसली. "ये, इथं बस आता."

मावशी दांडीवरच बसली. "राहू द्या. इथं हवा लागते."

मावसाजीनं गाडी इतकी हळू नेली की मी पायी चालत त्यायच्या पुढं घरी पोचलो.