मीठफुटीचं तळं

निरवांगीत आमच्या रानाच्या खालच्या अंगाला एक तळं होतं. ते कुणी खणलेलं नव्हतं. कालवा आल्यावर वरच्या रानांत ऊस झाला, त्याला पाणी मनमुराद दिलं गेलं आणि ते झिरपत उतरून आमच्या सखल पट्टीत साचलं. उन्हाळ्यात काठ वाळले की पांढरंफेक मीठ फुटायचं. आमचा ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा.

शेवटी वडलांनी शेतीचा नाद सोडला आणि ते वालचंदनगरला कारखान्यात कामाला लागले. वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. नळाला गोडं पाणी होतं. शाळा इतकी जवळ की घंटा झाल्यावर निघालं तरी चालायचं. मी आज बारामतीत शिकवते, ती त्या वसाहतीच्या जिवावर. रानानं हात टेकले तेव्हा त्या गावानं आम्हाला सांभाळलं.

वडील निवृत्त झाले आणि त्यांना पुन्हा रान दिसू लागलं. माहितगारांनी सांगितलं, जमिनीखालून पाइप टाकून पाणी ओढ्याला काढा, मीठ आपोआप धुऊन जाईल. पण ओढ्याकडचा उतार शेजारच्या तात्यांच्या रानातून होता. त्यांच्या वडलांनी मजुरी करून घेतलेली ती जमीन, आणि तीत ऊस उभा.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. बुद्धाच्या तसबिरीखाली आम्ही बसलो; बोलली ती आई. तात्यांनी चर किती खोल जाईल एवढंच विचारलं, चहा पाजला आणि घरात बोलून सांगतो म्हणाले. परतताना वडील म्हणाले, ते नाही म्हणाले तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

पुढच्या आठवड्यात तात्या स्वतःच तळ्यावर आले. काठाकाठानं एक फेरी मारली.

"ऊस तुटून गेला की माझ्या रानातनं चर काढा," ते म्हणाले. "वरची माती तेवढी सारखी करून द्या."

वडलांनी भरपाईचा विषय काढला.

"माझ्या बापानं ही जमीन कशी केली, मला ठावं हाय. डोळ्यांदेखत तुमचं रान मरताना बघायचं, हे मला जमायचं न्हाय."

वडलांनी त्यांचा हात धरला. 

पाइप पडले आणि पहिल्याच उन्हाळ्यात तळं आटलं. मीठ मात्र सहजासहजी गेलं नाही. वडील दर पावसाळ्यात धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून गाडायचे, परतीच्या पावसात मीठ खाली धुऊन जावं म्हणून बांध घालून पाणी मुरवायचे. मग एका हिवाळ्यात त्या पट्टीत ज्वारी उभी राहिली. आईनं रानातच चूल मांडून भाकरी थापली आणि पहिली तात्यांच्या ताटात वाढली. त्यांनी ती सावकाश खाल्ली आणि आणखी एक मागून घेतली.

आता वडील नाहीत, तात्याही नाहीत. माझा भाऊ ठिबकवर शेती करतो. पावसाळ्याआधी तो आणि तात्यांचा मुलगा ओढ्यात उतरून पाइपाच्या तोंडचा गाळ काढतात. गेल्या वर्षी मीही गेले होते. दोघांनी मला काठावरच बसवलं आणि मी त्यांच्यासाठी चहा केला.