आता मीच माल

चाकणच्या कंपन्यांच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे. गाडीचं काय बिघडलंय हे तो आधी विचारत नाही. "भरता काय हिच्यात?" एवढंच विचारतो.

माझ्या पिकअपचे मागचे शॉकअप गेले होते. कांदा वाहायचा म्हणून मी कडक जोडी मागितली. सुनेलाही मागं गादीवर झोपवून राजगुरुनगरच्या दवाखान्यात न्यायचंय, हे बोलता बोलता सांगितलं. तिला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी बसायलाही मनाई केली होती.

त्यानं कडक जोडी बसवली, हौद्यात पोतं अंथरलं आणि आडवा झाला. "चला तात्या, आता मीच माल."

पहिल्याच गतिरोधकाला केबिनवर थापा पडल्या. "ही जोडी कांद्याची हाय. पोरीची न्हाई."

मऊ जोडी घालून तो पुन्हा आडवा झाला. गॅरेजला परत आलो तरी उठेना. "डोळा लागला व्हता," म्हणाला.

सून सुखरूप बाळंत झाली. तात्यांनी गाडी फुलासारखी चालवली म्हणून बारशाला लोकांनी मला टॉवेल-टोपी दिली. गाडी मी नेहमीसारखीच हाकली होती, पण गप्प बसलो. नात शाळेत जायला लागली तरी ते मनातून जाईना.

परवा टोपी त्याला नेऊन दिली आणि सगळं सांगितलं. त्यानं ती डोक्यावर नीट बसवली.

"आता भरता काय?"

"कांदाच. पण नात मागंच बसायचा हट्ट धरते."

तो टोपीसकट हौद्यात चढला आणि आडवा झाला.

"चला तात्या, बघू शॉकअप अजून मऊ हायेत का."